परक्यांची रदबदली : क्रूर देहदंड आणि सदोष खटले यांविरुद्धच्या चळवळींचा आढावा

एखाद्या राज्याने आपल्या प्रजाजनास देहान्त शासन फर्मावले असता, ज्यांचा त्या राज्याशी किंवा त्या माणसाशी रक्ताचा, धर्माचा वा देवघेवीचा कसलाही संबंध नाही अशा दूरदेशच्या लोकांनी त्या राज्याच्या दरबारी अर्ज गुदरावेत, सभा भरवाव्यात, खटल्याची पाहणी करण्यास वकील धाडावेत आणि प्रसंगी आपापल्या सरकारांकरवी दडपण आणावे, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा इतिहास जेमतेम अडीचशे वर्षांचा आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या रदबदलीत आरंभापासून दोन फिर्यादी एकत्र गुंफलेल्या आहेत. पहिली फिर्याद शिक्षेच्या रीतीविरुद्ध : दगडांनी ठेचणे, चाकावर हाडे मोडणे, भर चौकात सुळी देणे यांविरुद्ध. दुसरी शिक्षेपर्यंत नेणाऱ्या वाटेविरुद्ध : मारहाणीने घेतलेला कबुलीजबाब, आरोपीला न मिळालेला वकील, बंद दाराआड बसलेले लष्करी न्यायासन, अपिलाची नसलेली सोय यांविरुद्ध. पहिलीतील अन्याय डोळ्यांना दिसतो, दुसरीतील कागदपत्रांत दडून बसतो. आणि माझे मत असे की या चळवळीने पहिलीला जेवढा आवाज दिला तेवढा दुसरीला दिला असता, तर तिच्या हातून अधिक माणसे वाचली असती.

आरंभीच्या माणसाला, म्हणजे फ्रेंच लेखक व्होल्तेरला, हे भान होते, हे विशेष. तुलूझ शहरातील झाँ कालास हा कापडाचा व्यापारी प्रॉटेस्टंट पंथाचा होता. १७६१ च्या ऑक्टोबरात त्याचा थोरला मुलगा घरातच गळफासाने मेलेला आढळला, तेव्हा मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याचा जीव घेतला अशी आवई शहरभर उठली आणि तेथील न्यायासनाने त्या आवईलाच पुराव्याचा मान दिला. १० मार्च १७६२ रोजी त्या म्हाताऱ्याची हाडे चाकावर मोडण्यात आली. शेवटच्या श्वासापर्यंत त्याने अपराध कबूल केला नाही. स्विस सरहद्दीलगतच्या फर्ने येथे राहणाऱ्या व्होल्तेरने ही हकीकत ऐकली, कालासच्या परागंदा मुलाला बोलावून त्याची उलटतपासणी घ्यावी तशी चौकशी केली, आणि खात्री पटल्यावर पत्रे, पत्रके, वकील आणि दरबारातील ओळखी यांचा असा काही मारा सुरू केला की युरोपातील राजेराण्यांच्या दिवाणखान्यांपर्यंत तुलूझचे नाव पोहोचले. परंतु त्याची मूळ मागणी चाकाविषयी नव्हती. खटल्याचे कागद उघड करा, न्यायाधीशांनी कोणत्या आधाराने हा निर्णय दिला ते जगाला कळू द्या, एवढीच ती मागणी होती. कारण त्या काळी फ्रान्समध्ये फौजदारी चौकशी गुप्त चाले आणि निकालाची कारणे देण्याचा शिरस्ता नव्हता. तीन वर्षांनी, ९ मार्च १७६५ रोजी, कालास निर्दोष ठरला. मेलेला माणूस अर्थातच परत आला नाही.

त्याच सुमारास, १७६४ साली, मिलानच्या सव्वीस वर्षांच्या चेझारे बेक्कारियाने गुन्हे व शिक्षा यांवरील आपला छोटा ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला आणि गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या भीषणतेने नव्हे तर तिच्या निश्चिततेने, हे सूत्र मांडले. १७८६ साली तोस्कानाच्या लेओपोल्ड या राजाने आपल्या राज्यातून देहदंड काढूनच टाकला. पुढील शतकात पोर्तुगालने १८६७ मध्ये मुलकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली आणि कालांतराने ती सुधारणा समुद्रापलीकडील प्रांतांनाही लागू झाल्याने गोमंतकात फाशीचा खांब कायद्यातून गेला. या उदारपणाचे फार कौतुक करण्याआधी एवढे लक्षात ठेवावे की याच अमलाने १९४६ साली गोमंतकीय राष्ट्रवादी पुढारी त्रिस्ताँव द ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायासनापुढे उभे करून आठ वर्षांची सजा दिली व पेनिशच्या किल्ल्यात डांबले, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रही विनाचौकशी गोळ्यांनी पाडले. फाशी नसलेले राज्य न्यायी असतेच असे नाही. उलट बाजूने पाहता, १९६१ नंतर गोव्यात भारतीय दंडसंहिता आली आणि तिच्याबरोबर फाशीही परतली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध केवळ प्रेक्षकाचा नाही. १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, ती सहा युरोपीय विरुद्ध तीन हिंदी अशा ज्यूरीच्या मताने. त्यानंतर माक्स म्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी प्रभृतींनी राणीकडे केलेल्या अर्जाचा परिणाम होऊन मुदतीपूर्वी त्यांची सुटका झाली. ऋग्वेदाचा संपादक एका मराठी संपादकासाठी शब्द टाकतो ही त्या काळची अपूर्वाईच होती, पण ती विद्वत्तेच्या नात्याने केलेली भीड होती. ज्यूरीच्या बनावटीस त्या अर्जाने हात घातला नाही, आणि १९०८ साली त्याच मुंबईत सात विरुद्ध दोन अशा मताने टिळकांना सहा वर्षांचे काळे पाणी फर्मावले गेले.

सावरकरांच्या प्रकरणाने मात्र प्रश्न वेगळ्याच पातळीवर नेला. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात बोटीवरून उडी टाकून ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले, तेथून त्यांना परत इंग्रजांच्या हवाली करण्यात आले, आणि मुंबईत ज्यूरी व अपील दोन्ही नसलेल्या खास न्यायासनापुढे त्यांची चौकशी सुरू झाली, तेव्हा कार्ल मार्क्सचा नातू झाँ लाँगे याच्यासारख्या फ्रेंच समाजवाद्यांनी एवढे काहूर माजवले की दोन महासत्तांना हा वाद हेग येथील लवादापुढे न्यावा लागला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने इंग्लंडची बाजू घेतली : हवाली करण्यात चूक झाली असली तरी कैद्याला परत करण्याचे बंधन नाही, असा त्याचा मथितार्थ. लवादापुढे फ्रान्सचा अधिकार होता, इंग्लंडचा अधिकार होता. ज्या माणसाला पन्नास वर्षांची जन्मठेप झाली होती त्याचा स्वतःचा असा अधिकार कोणाच्या गावीही नव्हता.

मीरतच्या खटल्यात हे चित्र पालटलेले दिसते. मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर आदी कामगार पुढाऱ्यांना आणि त्यांच्यासोबत काही इंग्रजांनाही पकडण्यात आले. मुंबईत खटला चालवला तर ज्यूरी द्यावी लागेल म्हणून शेकडो कोस दूरचे मीरत निवडले गेले, आणि हीच गोष्ट इंग्लंडातील बचाव समित्यांच्या हाती सापडलेले सर्वांत धारदार हत्यार ठरली. रोमां रोलां आणि हॅरल्ड लास्की यांच्यासारख्यांनी लेखणी उचलली. जवळजवळ चार वर्षे रेंगाळलेल्या या खटल्यात डांग्यांना बारा वर्षांची सजा झाली, ती अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १९३३ च्या ऑगस्टात तीन वर्षांवर आणली. येथे कोणाचाही गळा दोराजवळ नव्हता. तरीही सदोष खटल्याविरुद्धच्या चळवळीचा हा नमुना मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तीत दयेची याचना नव्हती, खटला कोठे व कोणापुढे चालावा याविषयीची तक्रार होती.

या काळातील सर्वांत गाजलेली रदबदली अर्थात साक्को आणि व्हांझेत्ती यांच्यासाठी झाली. खुनाच्या आरोपावरून १९२० साली पकडलेल्या या दोघा इटालियन अराज्यवाद्यांसाठी पॅरिसपासून ब्यूनोस आयरेसपर्यंत मिरवणुका निघाल्या, आणि २३ ऑगस्ट १९२७ रोजी बॉस्टनच्या तुरुंगात त्यांना विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले ते आलेच. बरोबर पन्नास वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नराने जाहीरनामा काढून त्यांची चौकशी निष्पक्षपणे झाली नव्हती असे मान्य केले. बाहेरचा गलबला जेव्हा एखाद्या राज्याच्या अभिमानाला डिवचतो, तेव्हा शिक्षा माफ करणे म्हणजे शरणागती असे त्या राज्याला वाटू लागते. हा धोका या चळवळीच्या पाठीशी तेव्हापासून लागलेला आहे. याच्या उलट अनुभव रिव्होनिया खटल्याचा. ११ ऑक्टोबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०६ विरुद्ध १ अशा मतांनी तो खटला थांबवण्याची मागणी केली, आणि १२ जून १९६४ रोजी मंडेला व त्यांच्या सहकाऱ्यांना फाशीऐवजी जन्मठेप झाली. त्या एकाकी मताचा धनी दक्षिण आफ्रिकाच होता हे सांगणे नलगे.

२८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात पीटर बेनेन्सन या वकिलाने विसरलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला, त्यातून अॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था जन्मास आली आणि व्होल्तेरसारख्या एका लहरी प्रतिभावंताच्या हातची गोष्ट कचेरीच्या शिस्तीत बसली. सभासदांनी नेमाने पत्रे लिहावीत, भाषा अदबीची ठेवावी, कैद्याचे मत न तोलता त्याचा हक्क तोलावा असे नियम ठरले. नियमांचा काच संस्थेला स्वतःलाही सोसावा लागला : मंडेलांनी शस्त्राचाराचा पुरस्कार केल्यामुळे १९६४ साली त्यांना सदसद्विवेकाचे कैदी म्हणून स्वीकारावयाचे नाही, असा कौल तिच्या सभासदांनी दिला. १९७७ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे देहदंडास बिनशर्त विरोध करणारे जाहीरपत्रक निघाले. त्या वेळी सर्व गुन्ह्यांसाठी देहदंड रद्द केलेली राष्ट्रे सोळा होती. २०२४ अखेर ती ११३ झाली.

या काळात कायद्याचा मसुदाही घडत गेला. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारनाम्यात, ज्यात भारत १९७९ साली सामील झाला, सहाव्या कलमाने देहदंड ‘अत्यंत गंभीर’ गुन्ह्यांपुरता मर्यादित केला आणि चौदाव्या कलमाने न्याय्य चौकशीचे निकष घालून दिले. १९८४ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने या दोहोंची सांगड घातली : ज्या खटल्यात चौदाव्या कलमाइतकी तरी हमी नाही, त्यातून कोणाचाही जीव घेऊ नये. कागदावर यापेक्षा स्पष्ट काही लिहिता येणे कठीण आहे.

आता रीतीच्या फिर्यादीकडे वळतो, कारण या विषयाचा सर्वांत विचित्र अध्याय तेथे आहे. गिलोटिन, विजेची खुर्ची, विषारी वायूची कोठडी यांपैकी प्रत्येक साधन माणुसकीच्या नावाने आणले गेले. १९७७ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने औषधांच्या सुईने मारण्याचा कायदा केला आणि १९८२ च्या डिसेंबरात टेक्ससमध्ये ती रीत प्रथम अमलात आली. त्यात तीन औषधे लागत : पहिले गुंगीचे, दुसरे स्नायू लुळे पाडणारे, तिसरे हृदय बंद पाडणारे. दुसऱ्याचा उपयोग मरणाऱ्याला काहीच नाही. त्याने मरणारा हालत नाही एवढेच, म्हणजे तडफड होत असली तरी काचेपलीकडे बसलेल्या साक्षीदारांना ती दिसत नाही. देहदंडाच्या सुधारणांचा सारा इतिहास या एका कुपीत सामावला आहे असे मला वाटते.

चळवळीने येथे मोठी चातुर्याची चाल केली. कायदेमंडळे दाद देईनात, तेव्हा तिने औषधांच्या पुरवठ्याची वाट धरली. रिप्रीव्ह या इंग्लिश संस्थेने अमेरिकन तुरुंगांना गुंगीचे औषध कोठून जाते याचा माग काढला, तो थेट लंडनच्या पश्चिम भागातील एका मोटार शिकवण्याच्या शाळेच्या मागच्या खोलीपर्यंत पोहोचला. ब्रिटनने निर्यात रोखली, अमेरिकेतील मूळ उत्पादकाने जानेवारी २०११ मध्ये हे औषध बनवणेच सोडले, आणि वर्षअखेर युरोपीय संघाने निर्यातीवर निर्बंध घातले. मधल्या काळात नेब्रास्का व साउथ डकोटा या राज्यांनी आपली गरज भागवली ती मुंबईतील एका औषध कंपनीकडून! ओरड होताच, एप्रिल २०११ मध्ये, त्या कंपनीनेही तुरुंगांना माल देणे बंद केल्याचे जाहीर केले. एका व्यापारी पत्रव्यवहारातून मुंबई आणि अमेरिकेतील वधस्तंभ यांचे नाते जुळले आणि तुटले, आणि त्याची आपल्याकडे फारशी वाच्यताही झाली नाही.

परंतु परिणाम काय झाला? काही राज्यांत अंमलबजावणी थांबली हे खरे. काहींनी पुरवठादारांची नावे गुप्त ठेवण्याचे कायदे केले, अनोळखी औषधांची मिश्रणे वापरली, आणि २९ एप्रिल २०१४ रोजी ओक्लाहोमात एक कैदी ४३ मिनिटे मरत राहिला. २५ जानेवारी २०२४ रोजी अलाबामाने नायट्रोजन वायूने गुदमरवण्याची नवी रीत अमलात आणली. केनेथ स्मिथ नावाच्या त्या कैद्यावर २०२२ साली सुईचा प्रयोग फसला होता, म्हणून जगभरचे लक्ष या नव्या वायूवर खिळले आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीही निषेध नोंदवला. स्मिथने सुपारी घेऊन खून केला होता यात वाद नाही. मात्र त्याच्या खटल्यात अकरा विरुद्ध एक अशा मतांनी ज्यूरीने जन्मठेपेची शिफारस केली होती आणि न्यायाधीशाने ती डावलून मृत्युदंड दिला होता. २०१७ साली अलाबामाने न्यायाधीशांचा हा अधिकार काढून घेतला, पण आधीच्या निकालांना त्याचा लाभ दिला नाही. वायू किती मिनिटांत मारतो याची चर्चा जगभर झाली. आज जो निकाल त्या राज्यात कोणताही न्यायाधीश देऊ शकला नसता त्यावर माणूस मारला गेला, याची चर्चा त्यामानाने नगण्य झाली.

नायजेरियातील दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे परक्यांच्या रदबदलीची ताकद आणि मर्यादा दोन्ही उघड होतात. ओगोनी प्रदेशातील तेलकंपन्यांच्या उच्छादाविरुद्ध उभा राहिलेला लेखक केन सारो-विवा याची चौकशी लष्करी राजवटीने नेमलेल्या खास न्यायासनापुढे झाली. अपिलाची सोय नव्हती, बचावाच्या वकिलांनी निषेधार्थ अंग काढून घेतले, साक्षीदारांपैकी दोघांनी आपणांस लाच दिल्याची प्रतिज्ञापत्रे केली. सारे जग विनवीत असता, आणि राष्ट्रकुलाचे प्रमुख न्यूझीलंडमध्ये जमलेले असता, १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्याला आठ साथीदारांसह फाशी देण्यात आले. राष्ट्रकुलाने दुसऱ्या दिवशी नायजेरियाचे सभासदत्व तहकूब केले. ज्या हुकूमशहाला आपली जरब दाखवावयाची असते त्याच्यापुढे पत्रांचा ढीग निरुपयोगी ठरतो.

दुसरे प्रकरण कात्सिना प्रांतातील अमिना लवाल हिचे. विवाहबाह्य संततीवरून मार्च २००२ मध्ये शरीयत न्यायालयाने तिला दगडांनी मारण्याची शिक्षा दिली. जगभर संताप उसळला, अर्जांवर लाखो सह्या झाल्या. त्यांपैकी एका अर्जात शिक्षेची तारीखही दिली होती, जी साफ खोटी होती. तेव्हा तिच्या बचावासाठी झटणाऱ्या नायजेरियातील बाओबाब या स्त्री-संघटनेने मे २००३ मध्ये परदेशस्थ हितचिंतकांना विनवले की कृपा करून ही पत्रे थांबवा; अपील अजून चालू आहे, चुकीच्या माहितीने आणि इस्लामच्या निंदेने आमचे काम अवघड होते, आणि स्थानिक कट्टरांचा हट्ट बळावतो. ज्यांच्यासाठी चळवळ करावयाची त्यांनीच चळवळ्यांना आवरावे, हा धडा युरोपातील सद्भावी मंडळींना झोंबला. २५ सप्टेंबर २००३ रोजी कात्सिनाच्या अपील न्यायालयाने तिला चार विरुद्ध एक मताने सोडले, ते शरीयतच्याच आधारे : मूळ न्यायासनावर तीनऐवजी एकच न्यायाधीश बसला होता, कबुली मागे घेण्याचा तिला हक्क होता, बचावाची पुरती संधी तिला दिली गेली नव्हती. तिचे प्राण हौवा इब्राहिम यांच्यासारख्या तेथल्या वकिलांनी तेथल्या कायद्याने वाचवले. परदेशच्या पैशाने आणि लक्षाने त्यांना बळ दिले असेल, पण वकीलपत्र त्यांचे होते.

सदोष खटल्याविरुद्धचा लढा किती चिवटपणा मागतो, हे जपानच्या इवाओ हाकामादा या मुष्टियोद्ध्याने दाखवले. १९६६ मध्ये एका कुटुंबातील चौघांच्या खुनाबद्दल त्याला पकडले, सुमारे वीस दिवसांच्या अखंड चौकशीनंतर कबुली घेतली, आणि १९६८ साली फाशी फर्मावली. गुन्ह्यानंतर चौदा महिन्यांनी मिसोच्या पिंपात ‘सापडलेले’ रक्ताळलेले कपडे हा पुराव्याचा कणा होता. त्यातील विजार त्याच्या अंगात शिरत नव्हती. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांपैकी एकाने आपण त्याला निर्दोष मानत होतो असे २००७ साली जाहीर केले. बहीण हिदेको अर्धे शतक झगडत राहिली, देशोदेशींचे मुष्टियोद्धे तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुरावा बनावट होता असे सांगून न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. तो तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. फासाच्या छायेतील पंचेचाळीसहून अधिक वर्षांत त्याच्या मनाचा तोल पार ढळून गेला होता. जपानी फाशीची रीत क्रूर म्हणावी अशी नसेलही. क्रौर्य या दिरंगाईत होते.

आकड्यांकडे पाहिले तर समाधान आणि धास्ती दोन्ही वाटतात. देहदंडास स्थगिती देण्याचा ठराव आमसभेत २००७ साली १०४ विरुद्ध ५४ मतांनी संमत झाला होता, २०२४ साली १३० विरुद्ध ३२ मतांनी. त्याच २०२४ साली मात्र अॅम्नेस्टीने चीन वगळून १,५१८ देहदंडांची नोंद केली. २०१५ नंतरचा हा तोवरचा उच्चांक होता आणि त्यातील बहुतांश इराण, सौदी अरेबिया आणि इराक यांच्या खाती होते. फाशी देणारी राष्ट्रे घटत आहेत, उरलेली अधिक हात चालवीत आहेत.

भारताची भूमिका या प्रश्नात दुटप्पी आहे, असे स्पष्टच म्हटले पाहिजे. कुलभूषण जाधव या मराठी माणसाला, निवृत्त नौदल अधिकाऱ्याला, पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने बंद दाराआड फाशीची शिक्षा दिल्याचे १० एप्रिल २०१७ रोजी जाहीर होताच आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. ज्या हेगमध्ये १९११ साली सावरकरांची बाजू मांडणारे कोणी नव्हते, तेथे हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर युक्तिवाद केला, आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मताने, वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने कराराचा भंग केला असा निर्णय देऊन निकालाच्या फेरविचाराचा आदेश दिला. सुटकेची मागणी मान्य झाली नाही; जाधव अद्याप पाकिस्तानच्या कैदेत आहेत. हे सारे योग्यच झाले. पण जे सरकार परक्या न्यायासनाकडे न्याय्य चौकशीची मागणी हक्काने करते, तेच २००७ पासून स्थगितीच्या ठरावाला हा आमचा अंतर्गत प्रश्न म्हणून विरोध करीत आले आहे.

अंतर्गत प्रश्नाचा एक दाखला महाराष्ट्रातीलच आहे. २००३ साली दरोडा, बलात्कार आणि खुनांचे भीषण कृत्य घडले आणि भटक्या जमातीतील सहा जणांना त्यात गोवण्यात आले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली पुन्हा फाशीत बदलली. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने फोटोंतून भलतीच चार माणसे ओळखली होती आणि तपासाने ती गोष्ट दडपली होती असे निघाले. शिवाय सहांपैकी एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा हुकूम राज्य सरकारला झाला. सोळा वर्षे ते तुरुंगात होते. त्यांच्यासाठी परदेशांत कोठे सभा भरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडेही भरली नाही.

म्हणून ज्या वाचकाला या कामी हातभार लावण्याची इच्छा असेल त्याने दूरदेशच्या अर्जांवर सह्या जरूर कराव्यात, पण त्याआधी आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात फाशीची मागणी असलेला एखादा खटला चालू असेल तर त्या आरोपीला वकील कोण दिला आहे, त्या वकिलाला साक्षीदारांच्या जबान्यांच्या नकला मिळाल्या आहेत की नाहीत, आणि तो आरोपीला तुरुंगात किती वेळा भेटला आहे, याची चौकशी करावी.